फेब्रुवारीचं जॉइनिंग, मार्चचं बाळंतपण: एका घरातल्या निर्णयाचा अभ्यास

बायको गरोदर असताना वर्दीची नोकरी धरावी की सोडावी, हा प्रश्न भरतीच्या गावांत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात उभा राहतो. खाली मांडलेलं जोडपं एखाद्या विशिष्ट घरातलं नाही. अशा घरांमधून वारंवार दिसणाऱ्या परिस्थितीवरून ते जुळवलं आहे. तारखा, नियम आणि पैशांचा हिशेब मात्र काटेकोर ठेवला आहे, कारण या निर्णयात भावनेइतकंच कॅलेंडर बोलतं आणि बहुतेक घरांत ते उघडलंच जात नाही.

परिस्थिती

सातारा जिल्ह्यातलं गाव. नवरा २२ वर्षं ८ महिन्यांचा, खुल्या प्रवर्गातला, बारावी पास. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर, महिना १४,००० रुपये. बायको २१ वर्षांची, पहिलटकरीण. शेवटच्या पाळीची तारीख १३ जून, म्हणजे प्रसूतीची अपेक्षित तारीख २० मार्च.

कर्मचारी निवड आयोगाच्या कॉन्स्टेबल जीडी (जनरल ड्यूटी) परीक्षेत त्याचं नाव लागलं आणि सीमा सुरक्षा दल मिळालं. १२ जानेवारीला पत्र हातात पडलं: १० फेब्रुवारीला हजारीबागच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हा. पत्र आलं त्या दिवशी तिला ३० आठवडे ३ दिवस झाले होते. हजर होण्याच्या दिवशी ३४ आठवडे ४ दिवस होणार होते.

घरात शिल्लक ६५,००० रुपये. सासरे कोरडवाहू शेती करतात, सासूबाईंचे गुडघे दुखतात. तिचं माहेर चाळीस किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी. तिथून उपजिल्हा रुग्णालय दहा मिनिटांच्या अंतरावर. माहेरी आई आणि मोटरसायकल असलेला भाऊ.

सल्ले चार प्रकारचे आले. सासऱ्यांचं म्हणणं, सरकारी पत्र परत पाठवायचं नसतं. तिच्या आईचं म्हणणं, बाळ झाल्यावर जाऊ दे. मित्रांनी मुदतवाढ मागायला सांगितलं. आणि एका नातलगाने सुचवलं की हे सोड, लग्न दाखवू नकोस आणि अग्निवीरचा फॉर्म भर, गावाजवळची रॅली आहे.

चौथा सल्ला आधी निकालात काढावा

अग्निवीर होण्यासाठी उमेदवार अविवाहित असावा लागतो. भूदल, नौदल, हवाईदल, तिन्हींकडे ही अट आहे, आणि चार वर्षांच्या करारात लग्नही करता येत नाही. भूदलाच्या रॅलीत २१ वर्षांखालच्या मुलांकडून सरपंचाच्या किंवा नगरपालिकेच्या सहीचा, फोटो लावलेला अविवाहित असल्याचा दाखला मागतात. म्हणजे लग्न लपवणारा मुलगा स्वतः तर अडकतोच, गावच्या सरपंचालाही खोट्या दाखल्यात ओढतो. लग्न उघड झालं की नोकरी जाते.

त्याहून गंभीर परिणाम घरात होतो. जी बायको नोंदीत नाही, तिच्या बाळंतपणासाठी रजा कशी मागणार? जे मूल कागदावर नाही, त्याचं नाव विम्याच्या वारसात कसं लागणार? अग्निवीराला ४८ लाखांचं विमासंरक्षण आहे. ज्यांच्यासाठी ते असायला हवं, त्यांनाच लपवून ठेवलं तर दुर्घटनेनंतर त्यांना आपलं नातं सिद्ध करत फिरावं लागतं. हा सल्ला देणाऱ्याने मुलाचा विचार केला असेल, पण सुनेचा आणि नातवंडाचा केलेला नाही.

अधिकारी व्हायचे बरेच मार्गही विवाहितांना बंद आहेत. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना आर्मी मेडिकल कोअरमध्ये अल्पमुदतीच्या कमिशनचा मार्ग आहे, आणि प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी) लग्न आड येत नाही. प्रादेशिक सेनेचा विचार पुढे केला आहे.

सैन्य आणि निमलष्करी दल यांतला फरक

गावात सगळ्यालाच मिलिट्री म्हणतात. पण सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, आयटीबीपी, एसएसबी, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, संरक्षण मंत्रालयाखाली नाही. होऊ घातलेल्या बापासाठी या फरकाचे तीन परिणाम महत्त्वाचे आहेत. इथे विवाहित उमेदवार चालतो. रजा केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांच्या नियमांनी मिळते. आणि नियमित सैनिकाची जुनी पेन्शन इथे नाही: २००४ नंतर लागलेल्यांना एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), आणि १ एप्रिल २०२५ नंतर रुजू होणाऱ्यांना हवी तर यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना). यूपीएस निवडायची असेल तर रुजू झाल्यापासून ३० दिवसांत पर्याय द्यावा लागतो. पहिल्या महिन्यात पोरगा ड्रिल आणि दमछाकीत इतका बुडालेला असतो की ही मुदत निघून गेल्याचंही कळत नाही. म्हणून घर सोडण्याआधीच ठरवून जावं.

तारखा मांडल्यावर काय दिसतं

अपेक्षित तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. त्यामुळे २० मार्च हा दिवस धरून आखणी करणं चुकीचं. ३७ आठवडे २७ फेब्रुवारीला पूर्ण होतात आणि ४२ आठवडे ३ एप्रिलला. या पाच आठवड्यांत केव्हाही कळा सुरू होऊ शकतात, आणि हा सगळा काळ प्रशिक्षणाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पडतो. नव्या रिक्रूटला सुट्टी मिळणं सर्वांत अवघड असतं ते याच काळात.

आता प्रवास. सातारा भागातून हजारीबागला जायला रेल्वे आणि पुढची गाडी धरून दीड ते दोन दिवस लागतात. म्हणजे कळा सुरू झाल्याचा फोन गेला, त्याच क्षणी रजा मंजूर झाली, लगेच तिकीट मिळालं, तरी तो पोहोचेपर्यंत बाळ झालेलं असणार. ‘कळा सुरू झाल्या की येतो’ हे वचन द्यायला गोड आहे, पण पाळता येणारं नाही. ते दिलं नाही तर घर दुसऱ्या माणसाची नीट व्यवस्था करतं. दिलं तर सगळे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. या प्रकरणात सर्वांत आधी हे वचन मागे घ्यायला हवं.

आता पितृत्व रजा. दोनपेक्षा कमी हयात मुलं असलेल्या केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून ते प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. या काळात घेतली नाही तर ती बुडते. नियमात असंही म्हटलं आहे की ही रजा सहसा नाकारू नये.

बहुतेक जण म्हणतात, प्रशिक्षण संपून पासिंग आउट झाल्यावर घेऊ. इथेच हिशेब चुकतो. बाळ २० मार्चला झालं तर रजेची मुदत २० सप्टेंबरला संपते. फेब्रुवारीत सुरू झालेलं पायाभूत प्रशिक्षण साधारण दहा-अकरा महिने चालतं, म्हणजे वर्षाखेरीपर्यंत. तुकडीची तातडीने गरज असली तर कालावधी कमी होतो, पण त्यावर विसंबता येत नाही. पासिंग आउटपर्यंत थांबलं तर पितृत्व रजा गेली. ती प्रशिक्षण चालू असतानाच घ्यावी लागणार.

प्रशिक्षण केंद्राची अडचण वेगळी असते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दिवस गैरहजर राहिलेल्या रिक्रूटला मागच्या तुकडीत टाकतात. त्यामुळे पासिंग आउट लांबतं आणि सोबतचे पुढे जातात. म्हणून प्रशिक्षणाच्या मध्यावर मिळणाऱ्या सुट्टीला पितृत्व रजा जोडून मागणं हा शहाणपणाचा मार्ग. दोन्ही मिळून बाळाजवळ जास्त दिवस मिळतात आणि प्रशिक्षणाचे बुडालेले तास कमी राहतात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कंपनी कमांडरला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: मधली सुट्टी साधारण कधी असते, आणि किती दिवस गैरहजर राहिलं तर मागच्या तुकडीत टाकतात. पहिल्या आठवड्यात बायकोचं गर्भारपण सांगायला मुलं लाजतात. त्यांना भीती वाटते की आल्याआल्या रजा मागणारा असा शिक्का बसेल. खरं तर उलट आहे. आधी नोंद असलेल्या माणसाची तातडीची विनंती खरी मानली जाते.

मुदतवाढ मागितली तर

नेमणुकीच्या पत्रात हजर होण्याची मुदत असते. ती संपण्याआधी कारणासह लेखी विनंती केली तर मुदत वाढवण्याचा विचार होऊ शकतो. विचार होऊ शकतो इतकंच, तो हक्क नाही. मुदत उलटून पत्र रद्द झालं आणि पुढे कधी ते पुन्हा चालू केलं गेलं, तर ज्येष्ठता आधी हजर झालेल्यांच्या खाली जाते.

या घरासाठी मुदतवाढीचा फायदा स्पष्ट आहे: प्रसूतीच्या वेळी तो जवळ असेल. तोटे तीन. प्रशिक्षणाची तुकडी एकत्र सुरू होते, त्यामुळे उशिरा आलेल्याला पुढच्या तुकडीची वाट पाहावी लागते आणि ती दोन महिन्यांनी येईल की सहा, हे आधी कळत नाही. तितक्या महिन्यांचा पगार बुडतो. आणि विनंती नामंजूर झाली तर १० फेब्रुवारीला हजर व्हावंच लागतं. उत्तर वेळेत आलं नाही म्हणून घरीच थांबलेल्या मुलाची नोकरी जाऊ शकते. अर्ज केला म्हणजे मुदत वाढली, हा गैरसमज फार महागात पडतो.

त्यात वयाची गोष्ट. या परीक्षेत खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा २३ आहे. इतर मागासवर्गीयांना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला वयात सवलत नाही. हा मुलगा पुढच्या भरतीच्या वेळी मर्यादेबाहेर गेलेला असेल. हाच मुलगा २० वर्षांचा असता, किंवा त्याला वयाची सवलत असती, तर आमचा सल्ला कदाचित वेगळा असता. पुन्हा संधी असलेल्या माणसाने बायकोच्या पहिल्या बाळंतपणासाठी एक भरती सोडली तर त्यात काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

पैसे

कॉन्स्टेबलचं मूळ वेतन २१,७०० रुपये, वेतनस्तर ३. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता १२,५८६. दोन्ही मिळून ३४,२८६. पेन्शनसाठी यातले १० टक्के, म्हणजे साधारण ३,४२९ रुपये कापले जातात. उरतात तीस हजार आठशेच्या आसपास. त्यातून मेसचा खर्च जातो, इतर भत्ते नेमणुकीनुसार वेगळे. आजच्या १४,००० च्या दुपटीहून ही रक्कम जास्त आहे.

पण पहिला पगार लगेच येत नाही. सेवापुस्तक उघडणं, पेन्शन खात्याचा क्रमांक, बँकेची जोडणी, यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि ते नेमके बाळंतपणाचे महिने आहेत. म्हणून तीन महिने पगाराशिवाय धरून मांडलेला हिशेब असा: घरखर्चातला त्याचा वाटा १०,००० प्रमाणे ३०,०००, बायकोच्या हातात दरमहा ३,००० प्रमाणे ९,०००, प्रवास आणि तिकडे लागणारं सामान ८,०००, बाळंतपणासाठी बाजूला २५,०००. एकूण ७२,०००. शिल्लक ६५,००० आणि जानेवारीचा शेवटचा पगार १४,००० मिळून ७९,०००. सात हजार उरतात. तंग आहे, पण कर्ज काढावं लागत नाही. शिल्लक तीस हजारच असती, तर निघण्याआधी ही तूट कोण भरणार हे नावानिशी ठरवायला लागलं असतं.

सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि जाण्यायेण्याचं वाहन मोफत आहे. मग २५,००० कशाला? रात्री खासगी रुग्णालयात न्यावं लागलं, किंवा बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर पहिल्या दिवसाची अनामत भरायला हातात रोकड लागते. हे पैसे बायकोच्या खात्यात असावेत, सासऱ्यांच्या नव्हे. दवाखान्यात तिच्यासोबत तिची आई आणि भाऊ असणार आहेत.

दुर्लक्षित राहणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. कारखान्यातल्या पगारातून त्याची वर्गणी कापली जात होती, तेव्हा बायकोही त्या वैद्यकीय संरक्षणात आहे. नोकरी सोडली की ते त्याच दिवशी संपतं असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर तिच्याशी जोडलेला लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जूनचा असतो. मार्चची प्रसूती त्यातच येते. कंत्राटदार वर्गणी कापतो पण वेळेवर भरत नाही, असंही होतं. म्हणून कारखाना सोडण्याआधी विमा क्रमांक टाकून पोर्टलवर पात्रतेची शेवटची तारीख आणि बायकोचं नाव दोन्ही पाहून घ्यावं.

नव्या नोकरीत आयुष्मान सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठीच्या) योजनेतून जवान आणि त्याच्या कुटुंबाला रोखरहित उपचार मिळतात. पण त्यासाठी आधी दलाचा क्रमांक, मग कुटुंबाची नोंद, मग कार्ड. फेब्रुवारीत रुजू झालेल्याच्या बायकोचं कार्ड मार्चमध्ये तयार असेल असं समजू नये. हे बाळंतपण उपजिल्हा रुग्णालय आणि ईएसआयच्या भरवशावर आखावं.

तिची तब्येत

इथे निर्णयाची खरी किल्ली आहे. सुरळीत गर्भारपण आणि जोखमीचं गर्भारपण या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांना एक उत्तर लागू होत नाही.

जानेवारीच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं, रक्तदाब ११०/७०, बाळाची वाढ आठवड्यांप्रमाणे, डोकं खाली. गरोदरपणात ११ पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि ७ ते ९.९ मध्यम स्वरूपाचा. तो गोळ्यांनी भरून निघू शकतो, पण गोळ्या रोज पोटात जायला हव्यात. चहासोबत घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, आणि बद्धकोष्ठता झाली की बायका गुपचूप गोळ्या बंद करतात. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा नियमित घेऊन महिन्याभरात पुन्हा रक्त तपासायला हवं. प्रसूतीत रक्तस्राव झाला तर आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तो झेपत नाही.

म्हणून निर्णयाला एक फेरतपासणीची तारीख जोडली: ३१ जानेवारी, ३३ आठवडे १ दिवस. त्या दिवशी रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, रक्तस्राव झाला, वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं दिसलं, बाळाची वाढ मागे पडली किंवा हिमोग्लोबिन आणखी घसरलं, तर रुग्णालयाच्या प्रमाणपत्रासह मुदतवाढीचा अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवायचा. बायकोचं गर्भारपण सुरळीत असताना केलेला अर्ज कमकुवत असतो. वैद्यकीय कागद जोडलेल्या अर्जाला वजन असतं. आणि तो १० फेब्रुवारीच्या आधी पोहोचायला हवा, नंतर नाही.

घरातलं बोलणं

अशा घरांत बहुधा सुनेला सगळ्यांत शेवटी विचारतात, तेही सासऱ्यांसमोर, आणि ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते. ते उत्तर धरू नये. तिच्याशी नवऱ्याने एकट्याने बोलावं, आणि जाऊ का असं न विचारता नेमके प्रश्न विचारावेत. कळा सुरू झाल्यावर तुझ्यासोबत कोण हवं? माहेरी कधी जायचं, तीन महिन्यांनी परत यायचं की सहा? मी प्रसूतीला असावं की नंतर पंधरा दिवस सलग असावं, दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर कोणतं?

या प्रकरणात तिचं उत्तर स्पष्ट होतं. प्रसूतीला आई हवी. तो हवा आहे सासरी परतल्यावर, रात्रीची जागरणं एकटीवर येतील तेव्हा. या उत्तराने रजा कधी मागायची तेही ठरलं: जून-जुलै. तिने उलट सांगितलं असतं, की मला भीती वाटते, तू हवास, तर मुदतवाढीचा अर्ज बारा जानेवारीच्या आठवड्यातच जायला हवा होता आणि तो नामंजूर झाला तर काय करायचं हेही तेव्हाच दोघांनी ठरवायला हवं होतं.

निर्णय

१० फेब्रुवारीला हजर व्हायचं, ३१ जानेवारीची तपासणी ठीक असेल तर. बायकोने ३४ व्या आठवड्याच्या सुरुवातीलाच माहेरी जायचं, तो निघण्याआधी, म्हणजे त्याने स्वतः तिला पोहोचवायचं आणि रुग्णालयाचा रस्ता, रात्रीची गाडी, तिचा रक्तगट माहीत असलेला भाऊ, सगळं डोळ्यांनी पाहायचं. गाडीसाठी १०२ आणि १०८ आहेतच, पण शेजारच्या एका चारचाकीवाल्याशीही बोलून ठेवायचं.

तिच्या फाईलमध्ये प्रशिक्षण केंद्राच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक, त्याचा रिक्रूट क्रमांक आणि कंपनीचं नाव लिहिलेलं असावं. प्रशिक्षणात मोबाइल ठरावीक वेळीच हातात मिळतो, त्यामुळे तातडीचा निरोप त्याच्या फोनवर नव्हे, नियंत्रण कक्षात द्यायचा. निरोपात रुग्णालयाचं नाव, डॉक्टरांचा क्रमांक आणि नेमकी अवस्था असावी. नुसतं ‘बायको सिरियस, लगेच पाठवा’ असं सांगितलं तर खात्री करण्यात अर्धा दिवस जातो.

निघण्याआधीचे कागद फार नाहीत, पण चुकले तर वर्षभर छळतात. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर आधी ती करावी. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव आणि घोषणापत्रात सासरचं, ही विसंगती सर्वांत जास्त आढळते, आणि मग आरोग्य कार्डापासून वारसनोंदीपर्यंत सगळं अडतं. दोन्हीकडे एकच नाव ठेवावं, माहेरचं ठेवलं तरी चालतं. कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना भरताना आईवडिलांसोबत बायकोचं नाव हवंच. लग्नाआधी भरलेल्या एखाद्या अर्जात वारस म्हणून वडिलांचं नाव असेल तर रुजू झाल्यावर नवीन नामनिर्देशन द्यावं. कर्तव्यावर अपघाती मृत्यूसाठी २५ लाख आणि सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख अशी सानुग्रह रक्कम आहे. घरात हे आकडे उच्चारायला कुणाला आवडत नाही. पण पैसा कुणाच्या हाती जाईल हे कागद ठरवतो, आणि तो कागद पहिल्या महिन्यातच भरला जातो.

नेमणूकपत्रातली राजीनाम्याची अटही दोघांनी वाचावी. काही काळानंतर नोकरी सोडली तर प्रशिक्षणाचा खर्च किंवा काही महिन्यांचा पगार परत करावा लागू शकतो. ‘जाऊन बघ, नाही जमलं तर परत ये’ हे वाटतं तितकं मोफत नसतं.

प्रादेशिक सेना, आणि उमेदवार ती असती तर

प्रादेशिक सेनेत वय १८ ते ४२ चालतं, विवाहित चालतो, कोल्हापूर आणि पुण्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक बटालियन आहेत. म्हणून हे पत्र सोडून तिकडे जावं का? या सेनेची कल्पना अर्धवेळ सेवेची आहे, पण पायदळाच्या बटालियन वर्षानुवर्षं तैनातीवर बोलावलेल्या असतात आणि जवान जम्मू-काश्मीरसारख्या ठिकाणी असतो. पेन्शनसाठी अशा प्रत्यक्ष तैनातीची १५ वर्षं भरावी लागतात. घराजवळची नोकरी समजून ती निवडू नये. २३ ओलांडलेल्या विवाहित मुलासाठी मात्र हा खरा पर्याय आहे.

उमेदवार बायको असती तर प्रश्न फार लवकर उभा राहिला असता. धावण्याच्या चाचणीवेळी गरोदर असलेली उमेदवार अपात्र, अशी अट या भरतीच्या जाहिरातींत राहिली आहे, त्यामुळे अर्ज भरतानाच पुढच्या वर्षभराचं वेळापत्रक पाहावं लागतं. एकदा सेवेत आल्यावर १८० दिवसांची प्रसूती रजा आणि मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण सेवेत ७३० दिवस, हे संरक्षण भक्कम आहे.

बाळ झाल्यावर

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. सरकारी रुग्णालयात ती तिथेच होते, पण आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग तपासल्याशिवाय सही करू नये. मातृवंदना योजनेत ती पात्र असेल तर पहिल्या बाळासाठीच्या ५,००० पैकी दुसरा हप्ता, २,००० रुपये, जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतो. जून अखेरीस त्या लसी पूर्ण होतात, म्हणजे तो रजेवर येण्याच्या सुमारास.

जन्मदाखला मिळाला की त्याची एक प्रत पोस्टाने हजारीबागला आणि एक फोटो त्याच्या फोनवर पाठवायचा. त्याने तो आल्याबरोबर कार्यालयात देऊन मुलाचं नाव कुटुंबाच्या तपशिलात चढवून घ्यायचं आणि पोच ठेवायची. पितृत्व रजेचा अर्ज मधल्या सुट्टीच्या किमान महिनाभर आधी, जन्मदाखला जोडून, आणि रजेची शेवटची तारीख २० सप्टेंबर असल्याचं अर्जातच लिहून द्यायचं. बाळ आधी किंवा उशिरा झालं तर ही तारीखही तितकीच सरकते.